पंखवाले ड्रम

९ जानेवारी

दाजी,

पायांवर डोकं ठेवून लिहितो, असं लिहायची पद्धत आहे. पण सध्या डॉक्टरांनी मला वाकायलाच बंदी केली आहे. तेव्हा उभ्यानेच नमस्कार घ्या. हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं. दोन महिने वजन उचलायचं नाही, प्रवास करायचा नाही. लेथ झाकून ठेवलं आहे. रोज सकाळी तेवढे हात जोडून येतो.

काल ट्रान्सपोर्टने तुमच्या पत्त्यावर एक लाकडी खोकं पाठवलं. आत ब्रेकचे दोन ड्रम आहेत, पुढच्या चाकांचे. आबांच्या गाडीसाठी. आबांनी जाताना गाडी अक्काला दिली आणि हत्यारं मला. तेव्हा गाडीची काळजी अर्धी माझीही आहे असं मी धरतो.

हे ड्रम अॅल्युमिनियमचे आहेत. त्याच कंपनीच्या नंतरच्या मोठ्या गाडीला असे यायचे. भंगारात एक जोडी दिसली आणि मी जागचा हललो नाही. बाहेरून सगळीकडे उभे पंख आहेत आणि आत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कडी ओतलेली आहे, कारण ब्रेकने घासायला बीडच लागतं. बीड तापलं की ताप धरून बसतं. अॅल्युमिनियम तो ताप ओढून घेतं आणि पंखांवाटे वाऱ्याला देऊन टाकतं. शिवाय वजन जवळजवळ निम्मं. मधलं भोक जरा लहान होतं, ते ऑपरेशनच्या आधीच मोठं करून घेतलं.

घाट उतरताना गाडी पेलतात ती पुढचीच चाकं. मार्चअखेर तुमच्या चिमीचे दिवस भरतात. पहिलं बाळंतपण, घरात दुसरं मोठं माणूस नाही, आणि पोरीची आई घाटाच्या वर. म्हणून घाई केली. मी स्वतः येऊन बसवले असते.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला मनाई आहे, तेव्हा पत्रच बरं.

तुमचा मेहुणा

*

१९ जानेवारी

मिस्त्री,

तुझा उभ्याचा नमस्कार पोचला, खोकंही पोचलं. खोक्यावरचा पत्ता तू अशा अक्षरात लिहिला आहेस की मी अजून पोस्टात असतो तर 'पत्ता अपुरा' म्हणून परत धाडलं असतं. पण ट्रान्सपोर्टवाले दयाळू निघाले.

ड्रम देखणे आहेत. तुझ्या बहिणीने एक उचलून पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर डब्यासारखा हलका!" मग मी ते टेबलावर ठेवून दिले. दोन दिवस येणारे-जाणारे त्यांनाच नमस्कार करत होते.

पण मिस्त्री, खरं सांगतो, तू उगाच त्रास घेतलास. गाडी चौदा महिने शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. त्या दिवशी घाटात ब्रेक लागेनात, मी गाडी डोंगराच्या अंगाला घातली, आणि हिचं खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण भीती राहिली. घाटाचं नाव काढलं की ही उठून स्वयंपाकघरात जाते. बरं, बसने जा म्हटलं, तर "गाडी दारात असताना बसने मी जायची नाही" म्हणते. गाडीत बसायला भीती वाटते आणि बसने जायला कमीपणा वाटतो! आता यातून तूच वाट काढ, बहीण तुझी.

चिमीला मी कळवलं आहे, आई यायची खात्री नाही म्हणून. तिने उलट एकच ओळ लिहिली: 'बरं.' चाळीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली, पण इतकं जड पत्र हातात आलं नव्हतं.

तरी तू पाठवलेस तर बसवतो. इथे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक नाना आहे. पण तो प्रत्येक गोष्टीला आधी हातोडा लावतो. म्हणून मीच करीन. कसं ते लिही. आणि एक सांग. जुने ड्रम तूच तीन वर्षांपूर्वी लेथवर कातून आरशासारखे करून दिले होतेस. मग त्यांना काय धाड भरली?

तुझे दाजी

*

२७ जानेवारी

दाजी,

वाट काढायची ती गाडीनेच निघेल असं मला वाटतं. अक्का उभ्या गाडीत तरी बसू दे.

सावकाश करा, एका दिवशी एकच चाक. दगड लावल्याशिवाय जॅक चढवायचा नाही. जुना ड्रम निघाला की आतली धूळ फुंकू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. नव्या ड्रमला प्रवासात गंज चढू नये म्हणून मी आत तेल लावलं आहे. ते रॉकेलने आणि मग साबणाने धुऊन कोरडं करा. माझ्या हातचं म्हणून मान ठेवून राहू देऊ नका. तेलावर ब्रेक लागत नाही.

मग खडू घ्या. ड्रमच्या आत बिडावर खडू फिरवा, ड्रम चढवा, अक्काला पेडल हलकं दाबायला सांगा आणि तुम्ही ड्रम हाताने फिरवा. पुन्हा काढून पाहा. ब्रेकच्या पट्टीवर जिथे खडू लागला असेल तिथेच ती टेकते आहे. फक्त मधे लागला असेल, तर तेवढीच जागा पॉलिश कागदाने घासायची. पट्टीभर खडू उमटेपर्यंत हेच. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी पाटीवर आमचा हात धरून गिरवून घ्यायचे, तसंच हे. कंटाळा आला तर उठा, चहा घ्या, पुन्हा बसा.

जुन्या ड्रमचं विचारलंत. त्यांचं वय झालं होतं, एवढंच.

तुमचा मेहुणा

*

८ फेब्रुवारी

मिस्त्री,

फत्ते! दोन्ही ड्रम बसले.

खडूचं काम सहा दिवस चाललं. सकाळी पेपर वाचून झाला की शेडमध्ये. आश्चर्य म्हणजे तुझी बहीण पेडल दाबायला पहिल्याच हाकेला आली. "उभ्या गाडीत कसली भीती?" म्हणाली. तिथे बसून शेंगा सोलायची, मी "दाब" म्हटलं की दाबायची. एकदा मी हात काढायच्या आत दाबलं, तर वर मलाच म्हणते, "चाळीस वर्षं शिक्के मारलेत, बोटं वाचवायला शिकला नाहीत?" शेवटी पट्टीभर खडू उमटला तेव्हा आम्ही दोघांनी तो असा पाहिला, जसा चिमीचा पहिला निकाल पाहिला होता.

चाकंही चढवली. हे नवे ड्रम तोंडाकडे चांगलेच जाड आहेत. त्यामुळे एक फायदा झाला. पूर्वी नटांच्या बाहेर बोल्टची टोकं वेडीवाकडी दिसायची, गंजलेली. आता टोकं नटांच्या आतच राहतात. तीन-चार आटे फिरले की नट घट्ट. बाहेरून सगळं कसं एकसारखं, टापटीप. तुझ्या भाषेत 'फिनिशिंग'.

उद्या सकाळी मी एकटाच पहिल्या वळणापर्यंत उतरून पाहणार आहे. हिला सांगितलेलं नाही.

तुझे दाजी

*

१२ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं पत्र आज अकराला हातात पडलं. 'तीन-चार आटे' वाचलं आणि पत्र तिथेच टाकलं. लगेच तुमच्या शेजारच्या किराणावाल्याला फोन केला. मी म्हणालो, दाजींना जाऊन सांगा, गाडी अजिबात हलवायची नाही. तो म्हणाला, गाडी कुठे हलतेय, ताडपत्रीसुद्धा तशीच आहे. देवाने राखलं. तुम्ही त्या सकाळी गेला नाहीत हे माझ्या कुठल्या पुण्याईने, मला माहीत नाही.

दाजी, ती टापटीप नव्हे. नट पूर्ण भरून बोल्टचे एक-दोन आटे बाहेर दिसलेच पाहिजेत. तीन आट्यांवर चाक दोन वळणंसुद्धा टिकणार नाही. अॅल्युमिनियमचा ड्रम जाड असतो, त्याला लांब बोल्ट लागतात, हे मला माहीत होतं. ड्रमचं भोक मोजलं, पंख मोजले, आणि जाडी मोजायची राहिली. चूक माझी. लांब बोल्ट आज पार्सलने निघाले आहेत. जुने काढून नवे दाबून बसवायला प्रेस लागेल, नानाकडे असेल. हातोडा लावू देऊ नका. तुम्ही स्वतः समोर उभे राहा.

आणि आता चूक म्हटलंच आहे, तर दुसरीही लिहितो. पंधरा महिने रोज सकाळी हात जोडताना ती समोर येते.

जुने ड्रम मी कातले तेव्हा मोजले होते. कंपनीने जितकं कातायला सांगितलं होतं ती हद्द आधीच संपली होती. ते फेकायला हवे होते. पण ते आबांनी स्वतःच्या हाताने चढवलेले. मला फेकवेनात. वाटलं, आणखी एक हात फिरवू, निभेल. ड्रम आरशासारखे झाले, आणि पातळ झाले. पातळ बीड घाटात लवकर तापतं, तापलं की फाकतं, आणि मग पेडल खाली जातं पण ब्रेक लागत नाही. त्या दिवशी तेच झालं. अक्काचं हाड माझ्यामुळे मोडलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'वय झालं होतं' असं लिहिलं. ते खोटं होतं.

क्षमा मागण्याइतकं तोंड नाही. तरी मागतो.

मेहुणा

*

२१ फेब्रुवारी

बाळ,

पन्नाशीला आलास तरी बाळच. टाके दुखत नाहीत ना? जिने चढू नकोस.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. पोस्टमास्तरच्या बायकोने चोरून पत्र टाकायचं म्हणजे काय ते तूच समज. किराणावाल्याकडे देऊन ठेवणार आहे.

बोल्ट आले. नाना आणि हे मिळून ते बसवून आले. नानाचा हातोडा यांनी आधी आपल्या पिशवीत घातला आणि मगच काम सुरू करू दिलं. आता टोकं बाहेर दिसतात, मी मोजून पाहिली.

पण तुझं ते दुसरं वाचल्यापासून हे गप्प आहेत. पत्र खिशात घेऊन हिंडतात; सदरा धुवायला घेतला तेव्हा मीही वाचलं. तुला वाटत असेल तुझ्यावर रागावलेत. तसं नाही. तुला एक सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मला घाटाची भीती वाटत नाही. कधीच वाटली नाही. आबांच्या शेजारी बसून याच गाडीतून मी किती घाट पाहिलेत, तू तेव्हा मागच्या सीटवर झोपलेला असायचास. भीती यांना वाटते. हाड जुळल्यावर मी म्हटलं, चला चिमीकडे. तर हे किल्ली हातात घेऊन शेडच्या दारात उभे राहिले, आणि हात असा थरथरत होता की किल्ली वाजत होती. मला बघवेना. मी पटकन म्हणाले, "नको बाई, मला भीती वाटते." यांचा चेहरा असा सुटला, बाळ! तेव्हापासून मीच भित्री. बसने गेले असते तर यांनी पुन्हा कधीच गाडीला हात लावला नसता, म्हणून बसला नाही म्हणत राहिले. वाटलं होतं, चार-सहा महिन्यांत धीर येईल.

त्या सकाळी हे गेले नाहीत, ती तुझी पुण्याई नव्हे. हे रोज सकाळी गाडीत जाऊन बसतात. दार लावून घेतात. अर्धा तास बसतात, ताडपत्री पुन्हा होती तशी ओढतात आणि परत येतात. मी खिडकीतून पाहते.

आणि आणखी एक. घाट सुरू झाला की हे गाडी न्यूट्रल करायचे, पेट्रोल वाचावं म्हणून. त्या दिवशीही केली होती. मी शेजारीच होते, हात पाहिला होता. डॉक्टरांना नाही सांगितलं, तुला नाही, यांनाही नाही. यांना वाटतं मला माहीत नाही. आता तू सगळा दोष आपल्या डोक्यावर घेतलास, तर हा माणूस करणार काय? तुला माफ करायलाही यांचं तोंड उघडत नाही.

चिमीला सातव्यापासून पायांना सूज आहे. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणतात. स्वयंपाक करणार कोण? मला जायचं आहे, बाळ. पण यांना मागे टाकून नाही. काय करू?

अक्का

*

२८ फेब्रुवारी

अक्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं. इतकी वर्षं मी समजत होतो की आबांची गाडी तुझ्याकडे आहे. आबांचं काळीजही तुझ्याकडेच आहे.

मी ब्रेकचा माणूस, मला ब्रेकचंच कळतं. घाटात नवखा माणूस पाय पेडलवर ठेवून देतो. त्याला वाटतं, आपण सांभाळतोय. पण सतत दाबून धरलेला ब्रेक तापत जातो आणि ऐन वेळी लागत नाही. जाणता माणूस गाडी दुसऱ्या गिअरला टाकतो, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवतं; जरूर पडली की दाबतो, आणि सोडतो. सोडतो तेव्हाच ड्रमला वारा लागतो. तू दाजींसाठी पेडल दाबून धरलंस, प्रेमाने धरलंस. आता सोड. त्यांना सांग की तुला भीती वाटत नाही. न्यूट्रलचंही सांग. ज्या गोष्टीची त्यांना लाज वाटते ती तुला सोळा महिने ठाऊक आहे आणि तरी तू त्यांच्या शेजारी आहेस, हे कळल्यावर माणूस आणखी कशाला भिणार?

रागावले तर रागावू देत. माझ्या नावाने चार शिव्या दिल्या तरी चालतील. मी इथे प्रार्थनेला बसलोच आहे. डॉक्टरांनी तेवढ्यालाच परवानगी दिली आहे.

तुझा बाळ

*

१३ मार्च

मिस्त्री,

उत्तराला महिना लागला. नोकरीत असतो तर माझ्यावर खुलासा मागवला असता.

खुलासा असा. आठवड्यापूर्वी सकाळी मी शेडमध्ये गाडीत बसलो होतो. एकदम शेजारचं दार उघडलं आणि तुझी बहीण आत येऊन बसली. चप्पल, पिशवी, सगळं घेऊन. म्हणाली, "रोज बसता इथे. गाडी चालवायची आहे की अंडी उबवायची आहेत?"

मी म्हटलं, "तुला भीती वाटते ना?"

"मला कसली? मी थापा मारत होते."

"सोळा महिने?"

"मग काय! तुमचा हात थांबेल म्हणून थापा मारत बसले, तर हात काही थांबेना. आता मला कंटाळा आला." मग पिशवी पायाशी ठेवत म्हणाली, "आणि ते न्यूट्रल. मी पाहिलं होतं हो."

मिस्त्री, मी स्टिअरिंगवर कपाळ टेकून किती वेळ बसलो ठाऊक नाही. हॉर्न वाजत होता तेही कळलं नाही; कानाशी ओरडल्याशिवाय मला ऐकू कुठे येतं? किराणावाला धावत आला, त्याला वाटलं माणूस गेला. हिने त्याला सांगितलं, "काही नाही, हे बोलतायत माझ्याशी."

तेव्हा तुझ्या क्षमेचं. तू पातळ ड्रम दिलेस आणि मी इंजिनाचा धाक काढून घेऊन सगळा भार त्यांच्यावर टाकला. दोन चुका वेगवेगळ्या गावांतून निघाल्या आणि घाटात एकमेकींना भेटल्या. तू तुझी कबूल केलीस, माझी मी खिशात घेऊन फिरत होतो. लहान असून तू मोठेपणा दाखवलास. आता पुन्हा क्षमा हा शब्द लिहिलास तर पत्र उघडून न पाहता परत करीन.

त्याच दिवशी पहिल्या वळणापर्यंत गेलो. दुसऱ्या गिअरला. परवा चौथ्यापर्यंत. पेडल उंचावरच लागतं, सरळ धरतं. हात अजून वाजतो, पण आता किल्लीच्या जागी स्टिअरिंग आहे, त्यामुळे आवाज होत नाही. वळणं एकूण एकवीस आहेत.

तुझे दाजी

*

२६ मार्च

मिस्त्री,

हे पत्र चिमीच्या जेवणाच्या टेबलावरून लिहितो आहे, म्हणजे काय झालं ते तुला कळलंच. तरी सगळं सांगतो.

काल सकाळी सातला निघालो. पूर्ण घाट दुसऱ्या गिअरला. इंजिन भुंगा गुणगुणावा तसं गुणगुणत होतं. मला ऐकू येत नाही, पण तळपायाला कळत होतं. तू सांगितलंस तसं दाबायचं आणि सोडायचं. मागे एक ट्रकवाला हॉर्न मारून कावला होता, हे हिच्याकडून कळलं. तुझ्या बहिणीने खिडकीतून हात काढून त्याला असं 'पुढे जा' म्हणून सांगितलं, जसं दारात आलेल्या गाईला हाकलते.

चौदाव्या वळणाला, तेच ते, मी थांबलो. उतरून पुढच्या चाकापाशी बसलो आणि जपून ड्रमपाशी हात नेला. जुने ड्रम इथे पोचेपर्यंत असे तापायचे की जवळ हात नेववत नसे, वास सुटायचा. हा ड्रम ताप आलेल्या पोराच्या कपाळाइतकाच गरम. मी आधी पंखांशी हात धरला, मग टेकवला, आणि तसाच ठेवला. आत बसल्या बसल्या ही ओरडली, "काय हो, औषध द्यावं लागेल का?" मी म्हटलं, "नको, उतरेल आपोआप." आणि आम्ही दोघं हसायला लागलो, मिस्त्री. ज्या दगडावर गाडी घातली होती, त्याच्यासमोर.

पुढची सात वळणं कशी गेली सांगता येत नाही. हात वाजत होता की नाही, हे पाहायचं राहूनच गेलं.

खाली आलो. चिमीची गल्ली आली. तिला कळवलं नव्हतं, पण कसं कोण जाणे, दारात उभी होती, एक हात कमरेवर, पायांना सूज, पोट एवढं पुढे. गाडी ओळखली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मी ब्रेकवर पाय नेला, तशी तुझी बहीण कानाशी येऊन म्हणाली, "जरा पुढपर्यंत घ्या ना. सपाटीवर ही कशी पळते, विसरलेच आहे मी."

मी पाय उचलला. हिने खिडकीतून लेकीला हात केला, "आलेच गं!" म्हणून ओरडली, आणि पोरगी दारात आ वासून उभी असताना आम्ही तिच्यासमोरून तसेच पुढे निघून गेलो.

तुझे दाजी